चार सह्या आणि एक अंगठा : सामाईक सातबाऱ्यावर अडकलेलं सोयाबीन अनुदान

रक्कम फक्त ३,००० रुपयांची होती. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण अशी घरं प्रत्येक गावात आहेत आणि त्यातली बरीच असा अर्ज मध्येच सोडून देतात. आम्ही काही जण गावातल्या सेवा संस्थेच्या कट्ट्यावर कागदपत्रांच्या मदतीसाठी बसतो, तिथं हे आमच्यापर्यंत आलं. गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं, दूधगंगेच्या पट्ट्यातलं. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत आणि माणसांना नात्यांनीच संबोधलं आहे.

पार्श्वभूमी

२०२३ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,६०० रुपये होता. काढणीनंतर बाजारात बराच काळ त्याच्या आतलाच दर मिळाला. ओरड वाढली आणि जून २०२४ अखेरच्या अर्थसंकल्पात राज्य सरकारनं त्या हंगामातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांसाठी अर्थसाहाय्य जाहीर केलं. दर हेक्टरी ५,००० रुपये, मर्यादा दोन हेक्टर; २० आरच्या (१०० आर म्हणजे एक हेक्टर) आतलं क्षेत्र असेल तर सरसकट १,००० रुपये. तरतूद सुमारे ४,१९४ कोटींची होती. पात्र कोण, तर ज्यानं त्या खरिपात ई-पीक पाहणीत, म्हणजे सरकारच्या मोबाईल ॲपवर, आपलं पीक नोंदवलं तो. वैयक्तिक खातेदारानं आधारची माहिती वापरायला संमती द्यायची. सातबारा सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांनी एकाच्या नावे रक्कम जमा करायला ना-हरकत लिहून द्यायची.

आता आमच्याकडची गोष्ट. इथं शेतकरी स्वतःला ऊसवाला समजतो. सोयाबीन म्हणजे खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) मोडल्यावर आणि पूर्वहंगामी लावण होईपर्यंत मधल्या चार महिन्यांचं पीक. उसाची नोंद घ्यायला कारखान्याचा चिटबॉय दारात येतो, लावणीची तारीख लिहून घेतो, तोडीचा नंबर त्यावरच ठरतो. पीक आपण स्वतः, मोबाईलवर, शेतात उभं राहून नोंदवायचं ही सवय सोयाबीनच्या बाबतीत कुणाला लागलेलीच नाही. ई-पीक पाहणी राज्यभर २०२१ च्या ऑगस्टपासून सुरू आहे, पण गावात अजून ‘पोरं करतात ते’ अशीच तिची ओळख आहे.

प्रकरणातलं घर असं. वडील काही वर्षांपूर्वी वारले. वारस नोंद झाली आणि १ हेक्टर ६० आरच्या गटावर सहा नावं चढली : आई, तीन भाऊ, दोन बहिणी. थोरला गावात, शेतीवरच. मधला इचलकरंजीत यंत्रमागावर. धाकटा गावातच, पण चूल वेगळी आणि थोरल्याशी बोलणं कामापुरतं. बहिणींतली मोठी, जिला धाकटे भाऊ आक्का म्हणतात, निपाणीकडे दिलेली. लहान बहीण पिंपरीत.

वाटणी तोंडी झालेली. धाकटा ६० आर कसतो. थोरला स्वतःचं आणि मधल्याचं मिळून १ हेक्टर कसतो, मधल्याला वर्षाचे काही पैसे आणि पोतं-दोन पोती भात देतो. विहीर सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली. या तोंडी वाटणीत आईचा आणि बहिणींचा विचार कुणी केला नव्हता. सातबाऱ्यावर मात्र त्या होत्या, आणि कायद्यानं प्रत्येकाच्या वाट्याला सहावा हिस्सा येत होता. पुढचं सगळं या तफावतीतून घडलं.

अडचण

२०२३ च्या पावसाळ्यात धाकट्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं वडिलांच्या नावावर ६० आर सोयाबीन ॲपमध्ये नोंदवलं. सामाईक खात्यातही ज्यानं त्यानं आपापल्या वहिवाटीचं क्षेत्र वेगळं नोंदवता येतं, हे त्याला ठाऊक होतं. थोरल्यानंही त्या वर्षी ५० आर सोयाबीन केलं होतं, उरलेल्या ५० आरात ऊस. त्यानं नोंद केली नाही. शेतकऱ्यांसाठीची मुदत संपली की राहिलेल्या क्षेत्राची नोंद तलाठी स्तरावर होते, त्यामुळे ‘आपसूक होईल’ असा त्याचा हिशेब होता. तशी ती झालीही. पण तोवर सोयाबीन निघून रान नांगरून झालं होतं आणि तिथं उसाची लावण सुरू होती. सातबाऱ्यावर त्याच्या पूर्ण १ हेक्टरावर ऊस लागला.

ऑगस्ट २०२४ मध्ये गावची यादी आली. त्यात धाकट्याचं नाव होतं, ६० आर. हेक्टरी ५,००० प्रमाणे ३,००० रुपये. थोरल्याचं नाव नव्हतं.

पुढे सरकारनं अट सैल केली. ई-पीक पाहणी नसली तरी सातबाऱ्यावर त्या हंगामात सोयाबीनची नोंद असेल तर तो शेतकरीही पात्र धरायचा. थोरला उतारा काढून घेऊन आला. उताऱ्यावर ऊस. त्याच्याकडे बाजार समितीतल्या विक्रीच्या पट्ट्या होत्या, त्यावर सोयाबीनचं वजन आणि त्याचं नाव स्पष्ट होतं. पण योजना पट्टी बघत नव्हती, नोंद बघत होती, आणि बंद झालेल्या हंगामाची नोंद मागं जाऊन बदलता येत नव्हती. त्याचे २,५०० रुपये तिथंच गेले.

“पीक मीबी केलं, त्यानंबी केलं. पैसं त्याला, आन् सही मी द्यायची व्हय?” हा थोरल्याचा प्रश्न. रागात विचारलेला असला तरी गैर नव्हता.

बहिणींचं वेगळंच झालं. सप्टेंबरात गौरी जेवायला दोघी माहेरी आल्या. घरात सगळे आहेत तर सह्या उरकून घेऊ, असं ठरलं. थोरल्यानं तेव्हा अनुदानाच्या छापील संमतीपत्राबरोबर १०० रुपयांचा एक कोरा स्टॅम्पही पुढं ठेवला. ‘हक्कसोडीचंही बघून टाकू, परत परत कुठं यायचं’ हा त्याचा विचार. आक्का ताटावरून उठली नाही, पण पेनाला हातही लावला नाही. “दादा, जेवायला बोलिवलंस का सही घ्यायला?” एवढंच म्हणाली. धाकटी बहीण तिच्याकडे बघून गप्प बसली. दोघी त्याच संध्याकाळी निघून गेल्या.

आता ३,००० रुपयांच्या अर्जाला बहिणींच्या दोन सह्या मिळत नव्हत्या, थोरल्याची तिसरी अडली होती आणि मधला म्हणत होता, सगळ्यांची झाली की माझी घ्या.

समोर असलेले पर्याय

धाकटा आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या डोक्यात दोनच वाटा होत्या : सोडून देणं, नाहीतर ‘करून घेणं’. करून घेणं म्हणजे काय हे गावात सगळ्यांना माहीत आहे. बहिणीच्या नावापुढं कुणीतरी सही गिरवायची. बाहेरगावच्या बहिणी चौकशीला येत नाहीत, रक्कम लहान, तपासणार कोण, असा सगळा सोयीचा हिशेब. याला आम्ही साफ नकार दिला. खोटी सही हा गुन्हा आहे हे एक कारण झालंच. दुसरं कारण त्या घरापुरतं होतं, आणि धाकट्याला तेच जास्त पटलं : उद्या जमिनीचा वाद कोर्टात गेला तर ‘हे भाऊ बहिणींच्या सह्या मारतात’ याचा लेखी पुरावा त्यानं स्वतःच्या हातानं सरकारी फायलीत ठेवलेला असणार.

सोडून देणं ही वाट मात्र आम्ही गांभीर्यानं तपासली. फेऱ्या, झेरॉक्स, बुडणारी मजुरी धरली तर ३,००० त बाकी फार उरत नाही. पण त्याच सातबाऱ्यावर पुढं पीक विमा असेल, पूर आला तर पंचनामा असेल, आणखी एखादं अनुदान असेल. प्रत्येक वेळी हेच सहा जण आणि हीच अडचण. २०१९ आणि २०२१ चे महापूर या पट्ट्यानं पाहिले आहेत. भरपाईच्या वेळी सामाईक खात्यांची किती ओढाताण होते, हे इथं कुणी नव्यानं सांगायला नको.

तिसरी वाट थोरल्याची : आधी हक्कसोड, मग बाकीचं. बहिणींची नावं गेली की कटकट संपली. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. कोऱ्या स्टॅम्पवर सही घेऊन ते होत नाही. बहिणींनी खुशीनं हक्क सोडला तर कुणाची हरकत असायचं कारण नाही. इथं खुशी दिसत नव्हती, आणि ३,००० रुपयांच्या अर्जाच्या आडून सहाव्या हिश्श्याचा विषय आणणं हे मला तरी बेइमानीचं वाटलं. तसं त्याला तोंडावर सांगितलंही.

चौथी, कायमची वाट वाटणीची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सहखातेदार तहसीलदारांकडे वाटपासाठी अर्ज करू शकतात. सहाव्या हिश्श्यानं प्रत्येकी २६-२७ आर येतात. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे कायद्यानं चालणारा जमिनीचा लहानात लहान तुकडा, जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे (गुंठा साधारण एक आरच) झाल्यापासून एवढ्या तुकड्याला तुकडेबंदी आडवी येत नाही. पण सगळ्यांची संमती, मोजणी, विहीर, वाट हे सगळं सुटेपर्यंत अनुदानाचा हंगाम कधीच निघून गेला असता.

उरली ती साधी वाट. ना-हरकत फक्त या रकमेपुरती घ्यायची आणि ती तेवढ्यापुरतीच आहे हे सगळ्यांना दिसेल असं लिहायचं.

आधी दुसरंच काम

घरात २०२३ च्या पैशांवरून भांडण चालू होतं, तेव्हा शेतात २०२४ चं सोयाबीन शेंगा धरत होतं आणि शेतकऱ्यांनी स्वतः पीक नोंदवायची मुदत सप्टेंबरातच संपणार होती. थोरल्यानं पुन्हा नोंद केली नव्हती. कारण विचारलं तर म्हणाला, “एकदा नाव आलं न्हाई, आता कशाला?”

म्हणून संमतीपत्राला हात घालायच्या आधी धाकट्याच्या मुलालाच काकाबरोबर शेतात पाठवलं. घरात बोलणं नव्हतं, पण पुतण्या आणि चुलता बांधावर उभं राहून फोटो काढू शकत होते. नोंद झाली. थोरल्याला तेव्हा हिशेब सांगितला : २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला आहे, बाजार त्याच्या बराच खाली आहे, आणि हमीभाव केंद्रावर नाव नोंदवायला सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद लागते. दहा-बारा क्विंटलवर हा फरक गेलेल्या २,५०० रुपयांच्या कितीतरी पुढं जातो. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी आपण होऊन कट्ट्यावर आला. माझ्या मते संमतीचं अर्धं काम इथंच झालं. त्याला पहिल्यांदाच या सगळ्यात स्वतःचं काहीतरी दिसलं.

संमती कशी मिळाली

सरकारी नमुना छापील होता, त्यात आपल्या मनानं वाक्यं घालता येत नव्हती. म्हणून त्याच्या जोडीला घरात ठेवायचा एक साधा कागद केला. तो कुठल्याही कार्यालयात द्यायचा नव्हता. मजकूर एवढाच :

“खरीप २०२३ मधील सोयाबीनच्या अर्थसाहाय्याची रक्कम आमच्या भावाच्या खात्यावर जमा करण्यास आमची हरकत नाही. ही संमती एवढ्याच रकमेपुरती आहे. सदर गटातील आमची नावे, हिस्से व हक्क यांच्याशी या कागदाचा काहीही संबंध नाही.”

यावर सहाही जणांनी सही करायची आणि प्रत्येकाकडे एक प्रत राहायची, असं ठरवलं. भावांनीही सही करायची हा मुद्दा आम्ही धरून ठेवला. थोरला म्हणाला, मी कशाला, मी तर घरातलाच. पण कागदावर फक्त बहिणींच्या सह्या असत्या तर तो पुन्हा त्यांच्याकडून घेतलेला कागद झाला असता.

स्टॅम्पचा वाद झालाच. स्टॅम्पशिवाय कागदाला वजन नाही ही समजूत फार घट्ट आहे. सरकारी ना-हरकतीला साधा कागद चालत होता, घरच्या कागदालाही तो पुरे होता. आणि या घरात गौरीपासून स्टॅम्प म्हटलं की दोन्ही बहिणींच्या पोटात गोळा येत होता. त्यामुळे तो नकोच म्हटलं. (त्याच ऑक्टोबरात राज्यात १०० चा स्टॅम्प जाऊन ५०० चा आला. तेव्हा थोरल्यालाही हा सल्ला एकदम पटला.)

निपाणीला कोण जाणार हा खरा निर्णय होता. धाकटा गेला तर पैसे त्याला मिळणार म्हणून आला, असं वाटणार. थोरला गेला तर गौरीचा दिवस आठवणार. आईनं फोन करावा असं धाकट्याच्या बायकोनं सुचवलं, पण आईचा शब्द मोडता येत नाही म्हणून लेकीनं सही करणं हेही दडपणच. शेवटी मधल्याला पाठवायचं ठरलं. त्याला या अनुदानातून काहीच मिळणार नव्हतं, आणि तिन्ही भावांत आक्काचं त्याच्याशी बरं होतं. भाऊबीज जवळ होती, तेव्हाच घेऊ असंही कुणीतरी म्हणालं. आम्ही नको म्हटलं. ओवाळायला आलेल्या बहिणीपुढं दुसऱ्यांदा कागद ठेवायचा नाही. आणि दिवाळीपर्यंत थांबलो असतो तर विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली असती. ती १५ ऑक्टोबरला लागलीच, आणि कृषी आणि महसूलची माणसं निवडणुकीच्या कामाला जुंपली गेली.

कागदाचा फोटो आदल्या रात्री आक्काच्या मुलाच्या मोबाईलवर पाठवला. त्यानं घरात वाचून दाखवला, एका ओळखीच्या वकिलालाही दाखवला. हे आम्हाला नंतर कळलं, आणि बरंच वाटलं. मधला पोचल्यावर आक्कानं पुन्हा वाचायला लावलं. “सगळं वाच, मग सही करतो.” वाचून झाल्यावर तिनं एकच प्रश्न केला : “माझं नाव अजून हाय उताऱ्यावर?” मधल्यानं सातबाऱ्याची प्रत दाखवली. तिला वाटत होतं की ते कधीच काढून टाकलं असेल. तिनं सही केली आणि उताऱ्याची ती प्रत ठेवून घेतली.

पिंपरीची बहीण फोनवर म्हणाली, “आक्कानं केली ना? मग पाठवा.” तिचे कागद कुरिअरनं गेले आणि आले. आईचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेतला. थोरल्यानं शेवटी सही केली, पण अट घालून. सामाईक विहिरीची मोटर जळाली होती, ती भरून आणायची होती. ३,००० त्या कामाला लावायचे. धाकटा आधी कुरकुरला, कारण यादीत नाव त्याचं होतं. मग त्यानं हिशेब केला : मोटर नसेल तर उसाला पाणी दोघांनाही नाही. तो कबूल झाला. संमतीपत्र आचारसंहितेच्या आदल्या आठवड्यात कृषी सहायकांकडे जमा झालं.

पैसे आले, पण सापडले नाहीत

राज्यात या अनुदानाचं वाटप सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस सुरू झालं होतं. ज्यांचे कागद आधी पूर्ण होते त्यांना तेव्हाच मिळालं. यांचं निवडणुकीनंतरवर गेलं. नवीन वर्ष उजाडलं तरी धाकट्याच्या पासबुकात काही नव्हतं. घरात पुन्हा कुजबुज सुरू झाली, आणि आता संशय धाकट्यावरच. पैसे आले असतील, सांगत नाही.

स्थिती तपासली तर रक्कम जमा दाखवत होती. मग कुठं गेली? हे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधार ज्या बँकेशी जोडलेलं असेल तिथं जातात. आणि अशी जोडणी एका वेळी एकाच बँकेशी असते, शेवटी जिथं झाली तिथं. धाकट्यानं सप्टेंबरात तालुक्याच्या गावी एका बँकेत सोनेतारण केलं होतं. त्या वेळी खातं उघडताना पुढं केलेल्या अर्जावर त्यानं सह्या केल्या, त्यात आधार जोडायची संमतीही होती. तेव्हापासून सरकारी पैशांचा रस्ता बदलला. ५ ऑक्टोबरला सुटलेला पीएम-किसानचा आणि त्याच दिवशीचा नमो शेतकरीचा हप्ता, प्रत्येकी २,००० रुपये, हेही त्याच्या जुन्या पासबुकात नव्हते. हप्ता मागंपुढं होतो म्हणून त्यानं ते मनावर घेतलं नव्हतं. नव्या खात्यात तिन्ही मिळून ७,००० रुपये होते.

त्यानं थोरल्याला घेऊन जाऊन पासबुक भरून आणलं. हा सल्ला आम्ही दिलेला नव्हता, त्याला स्वतःलाच सुचलं. मोटर त्याच आठवड्यात भरून आली. बिल ३,००० च्या वर झालं, वरचे थोरल्यानं घातले.

निकाल

धाकट्याला अनुदान मिळालं. थोरल्याला खरीप २०२३ चे २,५०० मिळाले नाहीत आणि मिळणारही नाहीत. त्यानं विक्रीच्या पट्ट्या जोडून एक अर्ज दिला होता, त्याचं उत्तर आलं नाही. २०२४ चं त्याचं सोयाबीन सातबाऱ्यावर लागलं, हमीभाव केंद्रावर नावही नोंदवलं. पण त्या वर्षी परतीच्या पावसानं मालात ओल राहिली. वाळवून, भाड्याच्या गाडीनं केंद्रावर नेऊन नंबर लावायचा धीर त्याला झाला नाही. पुढच्या लावणीला पैसे हवे होते, त्यानं गावातल्या व्यापाऱ्यालाच माल घातला. म्हणजे आम्ही त्याला दाखवलेला फायदा कागदावरच राहिला. तरी २०२५ च्या खरिपात त्यानं पुतण्याला स्वतःहून हाक मारून नोंद करून घेतली.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त उपाय २०२३ च्या पावसाळ्यातच होता. धाकट्याच्या मुलानं स्वतःची नोंद केली तेव्हा आणखी दहा मिनिटांत काकाचीही झाली असती. भाऊ बोलत नव्हते म्हणून ती राहिली. तेव्हापासून आम्ही नोंदीच्या शेवटच्या पंधरवड्यात सामाईक गटांची यादी काढून कोण राहिलंय ते बघतो, आणि फोन भावाला न करता घरातल्या मुलांना करतो.

संमतीच्या अटीबद्दल मात्र माझं मन दोन्हीकडे जातं. पीक कुणी केलं हे पाहणीतच दिसत असताना ३,००० रुपयांसाठी पाच जणांची ना-हरकत मागणं हे जास्तच आहे. ठरावीक रकमेच्या आत शेतकऱ्याचं स्वयंघोषणापत्र घ्यावं, गावात यादी लावावी, पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली तरच अडवावं, एवढं पुरे झालं असतं. असं म्हणेपर्यंत आक्काचा प्रश्न आठवतो. माहेरच्या जमिनीवर आपलं नाव अजून आहे हे तिला या अटीमुळंच कळलं. २००५ च्या दुरुस्तीनं लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, पण उतारा काढून बघणारी लेक आमच्या भागात विरळाच. अट काढली असती तर धाकट्याचं काम सोपं झालं असतं, आक्का मात्र अंधारातच राहिली असती. यावर आमच्या कट्ट्यावर एकमत नाही.

आधार कुठल्या बँकेशी जोडलं आहे हे अर्ज करायच्या दिवशीच बघायला हवं होतं, एवढं साधं आहे. आता आम्ही कुठल्याही अनुदानाचा कागद हातात आला की पहिल्यांदा तेच विचारतो. ‘मध्यंतरी नवीन खातं उघडलंय का, सोनेतारण केलंय का’ असं नेमकं विचारावं लागतं. ‘आधार लिंक आहे का’ म्हटलं की प्रत्येक जण हो म्हणतो.

एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. प्रत्येक खातेदाराचा क्रमांक वेगळा, म्हणून काहींना वाटतं की सामाईक खात्याचा घोळ आता मिटेल. मला तसं दिसत नाही. क्रमांक माणसाला मिळतो. कसतो कोण आणि हिस्सा कुणाचा, हे सातबाऱ्यावर वेगळं होत नाही तोवर ना-हरकत कुठल्या ना कुठल्या रूपात मागितली जाणारच.

मे २०२५ मध्ये राज्य सरकारनं शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ केली. ती बातमी घेऊन या वेळी थोरलाच कट्ट्यावर आला. बहिणींचा हिस्सा धरूनच वाटप लिहायचं, हे त्यानं आक्काशी फोनवर बोलून ठरवलं आहे. ती जमीन कसायला येणार नाही, पण नाव वेगळं लागलेलं तिला हवंय. कलम ८५ चा अर्ज अजून दिलेला नाही. विहिरीचं पाणी सहा हिश्श्यांत कसं लिहायचं आणि मोटरीचं बिल कोणी किती भरायचं, यावर अडलं आहे.